‘लीजन’चा मूळ पाठ आणि प्रक्षेपाचा प्रश्न

प्राचीन ग्रंथाच्या उपलब्ध प्रतींतून मूळ पाठ कोणता आणि प्रक्षिप्त भाग कोणता, हा प्रश्न अभ्यासकांच्या परिचयाचा आहे. चित्रपटासारख्या अर्वाचीन कलाकृतीबाबतही तो उद्भवतो. विल्यम पीटर ब्लॅटी यांनी लिहिलेला व दिग्दर्शित केलेला ‘दि एक्झॉर्सिस्ट ३’ (१९९०) हा अमेरिकन भयपट त्याचे बोधप्रद उदाहरण होय.

ब्लॅटी यांच्या १९७१ च्या कादंबरीवरून १९७३ मध्ये ‘दि एक्झॉर्सिस्ट’ हा चित्रपट निघाला. १९७७ च्या दुसऱ्या भागाच्या निर्मितीत ब्लॅटी नव्हते. पुढे १९८३ मध्ये त्यांनी ‘लीजन’ ही कादंबरी लिहिली व तिच्यावरून स्वतःच चित्रपट केला. त्यात वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन भागात, पूर्वी देहदंड झालेल्या एका खुन्याच्या पद्धतीने पुन्हा हत्या होऊ लागतात. लेफ्टनंट किंडरमन त्यांचा माग काढीत रुग्णालयातील एका बंदिस्त मनोरुग्णापर्यंत पोहोचतो. त्या रुग्णाचा देह पहिल्या कथेत मृत झालेल्या फादर कॅरसचा, वाणी मात्र त्या खुन्याची. या दोघांचे संभाषण हाच कथेचा गाभा असून भूत उतरविण्याचा विधी मूळ चित्रणात नव्हता.

मॉर्गन क्रीक या निर्मितीसंस्थेस ते मानवले नाही. ‘एक्झॉर्सिस्ट’ हे नाव धारण करणाऱ्या चित्रपटात तो विधी हवाच, असा तिचा आग्रह होता. तदनुसार नवा शेवट चित्रित झाला आणि निकोल विल्यमसन यांनी साकारलेला फादर मॉर्निंग त्यात अवतरला. रुग्णाची भूमिका प्रथम एकट्या ब्रॅड डूरिफ यांची होती; आता १९७३ च्या चित्रपटातील कॅरस, म्हणजे जेसन मिलर, यांना परत बोलाविण्यात आले व एकच रुग्ण दोन मुखांनी बोलू लागला.

वगळलेले मूळ चित्रण पुढे गहाळ झाले. २०१६ मध्ये स्क्रीम फॅक्टरीने ‘लीजन’ची पुनर्रचना प्रसिद्ध केली, ती दैनंदिन चित्रणाच्या व्हीएचएस फितींच्या आधारे. त्यामुळे स्वच्छ दृश्यांमध्ये एकाएकी अंधुक दृश्ये येतात. प्रेक्षकास हा दोष वाटेल; अभ्यासकास मात्र तो उपकारक आहे. संपादकाने कंसात दिलेल्या अक्षरांप्रमाणे, कोणता अंश कोठून घेतला हे त्यावरून कळते.

दोन पाठांतील खरा भेद शेवटी स्पष्ट होतो. दोहोंतही किंडरमन रुग्णावर गोळी झाडतो. १९९० च्या पाठात विधीनंतर भानावर आलेला कॅरस स्वतःच मुक्तीची याचना करतो. म्हणून ती गोळी दयेची ठरते. पुनर्रचनेत धर्मगुरू नाही, विधी नाही, याचनाही नाही. निर्णयाचा संपूर्ण भार एकट्या किंडरमनवर पडतो.

तथापि पुनर्रचनेस ‘मूळ पाठ’ म्हणणे सयुक्तिक नव्हे. एक तर तिची साधने अपुरी आहेत. दुसरे असे की, परहस्ताने झालेला प्रक्षेप काढून टाकता येतो. येथे दुसऱ्याच्या आग्रहावरून का होईना, नवा भाग ब्लॅटी यांनीच दिग्दर्शित केला आहे. शिवाय मिलर यांच्या पुनरागमनाने मृत मित्राचा ओळखीचा चेहरा किंडरमनसमोर उभा राहतो आणि त्याच्या यातनेस जी धार येते, ती पुनर्रचनेत आढळत नाही. ब्लॅटी जानेवारी २०१७ मध्ये निवर्तले. यापुढे नवा अधिकृत पाठ संभवत नसल्याने, एकास प्रमाण मानून दुसऱ्यास त्याज्य ठरविण्यापेक्षा दोन्ही पाठ शेजारी ठेवून वाचणे हेच अभ्यासाच्या दृष्टीने इष्ट होय.