डोंगराकडे लक्ष कुणाचं?

अपघाताच्या पाच महिने आधी. सर्बियावरचे नेटोचे 78 दिवसांचे बॉम्बहल्ले 10 जून 1999 ला थांबले. सर्बियाचं सैन्य कोसोव्होतून निघालं, आणि नेटोच्या तुकड्या पोहोचण्याआधीच रशियन सैनिक कोसोव्होची राजधानी प्रिस्टिनाच्या विमानतळावर येऊन बसले. तो तिढा सुटल्यावर विमानतळ 'केफोर' या नेटोच्या नेतृत्वाखालील फौजेच्या हाती आला. रडारसमोर साहजिकच लष्करी नियंत्रक बसले.

काही आठवडे आधी. लाखो निर्वासित परतले होते, अनेकांच्या घरांना छप्पर नव्हतं आणि हिवाळा तोंडावर होता. मदतीची माणसं लवकर पोहोचायला हवी होती. विमानतळ नागरी विमानांना खुला झाला, पण त्याची आधी नीट पाहणी करून घेतली गेली नाही. रोममध्ये मुख्यालय असलेल्या, संयुक्त राष्ट्रसंघाच्या जागतिक अन्न कार्यक्रमाने रोम-प्रिस्टिना फेरीसाठी 'सी-फ्लाय' या नवख्या इटालियन कंपनीचं एटीआर-42 विमान भाड्याने घेतलं. कंपनीचा जीव या एका करारात अडकलेला होता.

12 नोव्हेंबर, सकाळी 9 च्या सुमारास. रोमहून उड्डाण. 21 प्रवासी, 3 कर्मचारी. प्रवाशांत संयुक्त राष्ट्रसंघाचे आणि स्वयंसेवी संस्थांचे लोक होते. अन्न कार्यक्रमाच्या प्रवक्त्या पाओला बिओका त्यांच्यातच होत्या. त्या कादंबरीकारही होत्या.

10 वाजता. एड्रियाटिक समुद्र ओलांडायचा, मग बाल्कनचे डोंगर. सांगण्यासारखं काही नाही.

11 च्या आसपास. प्रिस्टिनावर ढग. विमानतळ समुद्रसपाटीपासून साधारण 545 मीटरवर, खोलगट भागात आहे. उत्तरेला मित्रोवित्साच्या बाजूचे डोंगर 1,400 मीटरच्या वर जातात. विमान खाली आणलं गेलं आणि उत्तरेच्या दिशेने चालत राहिलं. नियंत्रकाने वळायला सांगितलं की ते मागे फिरून धावपट्टीकडे येणार.

इथे थांबून एक गोष्ट समजून घ्यायला हवी. नागरी विमानतळावर नियंत्रक रडारवरून विमानाला दिशा देतो, तेव्हा ते डोंगरापेक्षा सुरक्षित उंचीवर राहील हेही तोच पाहतो. लष्करी रडारसेवेत मात्र ही जबाबदारी बरेचदा वैमानिकाचीच असते. त्या सकाळी नियंत्रक एका पद्धतीत वाढलेला, वैमानिक दुसऱ्या पद्धतीत. आपल्यावर कुणाची तरी नजर आहे, असं वैमानिकांनी धरून चाललं असेल तर नवल नाही. पण बाहेर काहीच दिसत नसताना नकाशावरचा डोंगर त्यांनीही तपासायला हवा होता.

शेवटची मिनिटं. वळण्याची सूचना आली नाही. ढगात, तोच मार्ग, उत्तरेकडे. इंजिनं ठीक, गोळीबार नाही. ज्या प्रदेशात काही महिन्यांपूर्वी क्षेपणास्त्रं उडत होती, तिथे या विमानावर कुणी बंदूकही रोखली नव्हती.

11 नंतर काही मिनिटांनी. मित्रोवित्साजवळच्या डोंगरावर, माथ्याच्या किंचित खाली विमान आदळलं. 24 पैकी एकही वाचला नाही.

पुढे. विमानाची नोंदणी फ्रान्सची होती. तपासही फ्रान्सच्या 'बेआ' या संस्थेने केला. अहवालाने तीन बोटं दाखवली. डोंगराळ भागात, काही दिसत नसताना, वैमानिकांनी शिस्त आणि सावधपणा पाळला नाही. अशा मुलखाची सवय नसलेल्या लष्करी नियंत्रकाने विमान त्याच मार्गावर ठेवलं आणि नंतर तो ते विसरला. तिसरं बोट कंपनीकडे होतं: नवी, करारावर तगलेली, म्हणून नियमांना बगल देण्याकडे कल. पहिली दोन कारणं माणसांची चूक म्हणून समजून घेता येतात. तिसरं कारण मात्र विमान भाड्याने घेणाऱ्याच्या दारापर्यंत जातं. नवख्या कंपनीची पारख करार करतानाच व्हायला हवी होती.

2004 पासून संयुक्त राष्ट्रसंघाची मानवतावादी हवाई सेवा जागतिक अन्न कार्यक्रमच चालवतो. विमानं आजही खासगी कंपन्यांकडून भाड्यानेच येतात; मात्र करार होण्याआधी कंपनीची सुरक्षा तपासणी होते.