रिद्धपूरची मराठी

पुण्यात शिकायला होतो तेव्हा माझ्या तोंडून ‘जेवून राहिलो’ असं निघालं, की खोलीतले मित्र हसत. विदर्भ म्हणजे कापूस, कर्ज आणि आत्महत्या. भाषा म्हणाल तर हिंदीची भेसळ! हळूहळू मीही ‘जेवतोय’ म्हणायला शिकलो. म्हणूनच मराठी भाषेचं विद्यापीठ आमच्या अमरावती जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूरला होणार, असं २०२३ साली जाहीर झालं, तेव्हा मी ती बातमी दोनदा वाचली. २०२४ मध्ये ते सुरूही झालं.

रिद्धपूरच का? तर तेराव्या शतकात गोविंदप्रभू या गावात राहत. त्यांचे शिष्य चक्रधरस्वामी. स्वामी गेल्यावर त्यांचे अनुयायी नागदेवाचार्यांसह इथं येऊन राहिले. म्हाइंभटांनी गावोगाव फिरून, ज्यांनी स्वामींना पाहिलं-ऐकलं त्यांना गाठून आठवणी गोळा केल्या आणि ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलं. मराठीतला हा आद्य चरित्रग्रंथ, तोही गद्यात. आता चक्रधर मूळचे गुजरातचे आणि म्हाइंभट गोदावरीकाठचे, हे मी वऱ्हाडी अभिमानाच्या भरात लपवणार नाही. पण महदंबेचे धवळेही याच गावचे. गोविंदप्रभूंच्या लग्नाचा खेळ मांडला गेला, तेव्हा तिनं ते रचले.

मला सर्वांत मोलाची वाटते ती केशिराजबासांची गोष्ट. ते संस्कृतचे पंडित. त्यांना संस्कृतात लिहायचं होतं. नागदेवाचार्यांनी अडवलं, कारण मग पंथातल्या म्हाताऱ्या बायकांना काहीच कळलं नसतं. म्हाताऱ्यांची सोय पाहून भाषा ठरवली गेली!

पुढं मात्र महानुभावांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहिले आणि ते मठांबाहेर कुणाला वाचता येईनात. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाड्यांनी ती लिपी उलगडली. वि. भि. कोलते यांनी संपादलेलं ‘लीळाचरित्र’ राज्य सरकारनं प्रसिद्ध केलं, ते १९७८ साली. कोलते बुलढाणा जिल्ह्यातले, हेही जाता जाता सांगून टाकतो.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या रात्री खोलीतल्या एका जुन्या मित्राचा फोन आला. “काय करतोयस?” मी म्हटलं, “जेवून राहिलो.” तो हसला नाही. अमरावतीहून रिद्धपूरला कसं जायचं, एवढंच त्यानं विचारलं.