सानगडीचा भात आणि सावकाश जेवण

घासाघासाकडे लक्ष देऊन सावकाश जेवा, असे आहारतज्ज्ञ सांगू लागले की आपल्याला लगेच पंगतीतला श्लोक, आपोशन, चित्राहुती आठवतात आणि हे सारे आमच्याकडे आधीपासूनच होते, असे आपण म्हणतो. साकोली तालुक्यातल्या सानगडीसारख्या गावाकडे, तिथला किल्ला, तलाव आणि धानाच्या बांध्यांकडे पाहिले की मला मात्र या भानाचे मूळ मंत्रापेक्षा तांदळात अधिक दिसते.

वैनगंगेच्या या खोऱ्यात गोंड राजवटीपासून कोहळी समाजाने तलाव बांधले. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव त्यांच्याच नावावर सांगितला जातो. त्या पाण्यावर धान पिकते. पऱ्हे टाकायचे, चिखलात रोवणी करायची, कापून चुरायचे, मग पाखडायचे, उखळात मुसळाने कांडायचे. ही सगळी वाट डोळ्यांदेखत चालायची, त्यामुळे पानातल्या शितामागे किती हात आहेत हे कोणी शिकवावे लागत नसे. नवे धान देवाला, पूर्वजांना दिल्याशिवाय तोंडात घालायचे नाही, ही गोंड घरांतली रीत त्याच जाणिवेतली आहे. शिवाय हातसडीच्या तांदळावर कोंड्याचा पातळ तांबूस थर राहतो. त्याचा भात चिवट असतो आणि तो गिळता येत नाही, चावावाच लागतो. माणूस सावकाश जेवत होता तो काही अंशी या दाण्यामुळे.

गिरणीने हा थर काढून टाकला. त्यात काय जाते, हे जावामध्ये डच डॉक्टर ख्रिस्तियान आइकमन यांना 1890च्या दशकात दिसले. पांढऱ्या तांदळावर ठेवलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडत, सालीचा तांदूळ दिला की त्या सुधारत. त्यांना 1929मध्ये नोबेल मिळाले. विदर्भात वर्ध्याच्या मगनवाडीत 1934मध्ये सुरू झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने जे. सी. कुमारप्पांच्या हाताखाली हातसडीच्या तांदळाचा नेटाने पुरस्कार केला. त्यांच्या लेखी पोषण आणि गावातला रोजगार या एकाच दाण्याच्या दोन बाजू होत्या.

यावर एक आक्षेप खरा आहे आणि तो टाळू नये. कांडण बायांच्या वाट्याला होते, तेही पहाटे, बाकीची कामे सुरू होण्याआधी. त्याच बाया सर्वांचे झाल्यावर उरलेसुरले जेवत, आणि पंगतीत कोण कुठे बसणार हे जातीवर ठरे. गिरणीने मुसळ सोडवले हे चांगलेच झाले. ज्या लक्षपूर्वक जेवण्याचा आपण अभिमान धरतो ते घरातल्या सर्वांच्या वाट्याला कधी आलेच नव्हते. म्हणून मुसळ परत आणा, असे मी म्हणणार नाही. पण श्रम जावेत म्हणून कोंडाही जायलाच हवा, असे कुठे आहे? गिरणीवर फक्त तूस काढून, पॉलिश न करता तांदूळ घेता येतो; तोही हातसडीइतकाच चावावा लागतो. शिजायला थोडे पाणी जास्त लागते, वेळही लागतो. पॉलिश करताना निघालेला कोंडा मात्र आज तेलासाठी आणि गुरांच्या खाद्यासाठी विकला जातो.