पाटी मराठी, पण अक्षर कोणाचं?

दुकानाची पाटी मराठीत हवी आणि मराठी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नको, असा कायदा 2022 मध्ये झाला. चांगलंच झालं. पण मंडळी, आपल्या पहूरमध्ये पेठेपासून कसब्यापर्यंत एक चक्कर मारा आणि फ्लेक्स नीट वाचा. 'शेतकर्यांना हार्दिक शुभेच्छा!' हा शेतकरी कुठला?

आचार्यांना म्हणजे विद्वानांना, आचाऱ्यांना म्हणजे स्वयंपाक्यांना. हा आडवा अर्धा र हिंदीला लागत नाही, मराठीला लागतोच. 'ल' चंही तसंच. हिंदी ल ला उजवीकडे उभा दांडा असतो, आपला ल दोन पाकळ्यांचा. पाटीवाल्या पेंटरच्या हातात तोच होता.

हे वळण आभाळातून पडलेलं नाही. जावजी दादाजींनी 1869 मध्ये मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला. तिथल्या खिळ्यांची देवनागरी देशभर नावाजली गेली. आपला जिल्हाही मागे नव्हता. नारायण नरसिंह फडणीसांनी 1887 मध्ये जळगावातून 'काव्यरत्नावली' सुरू केलं. निव्वळ कवितेचं मासिक, तेही खान्देशातून! आणि ज्यांना अक्षरओळख नव्हती त्या आसोद्याच्या बहिणाबाईंनी छापखान्यावर कविता केली. अक्षराची किंमत त्यांना बरोबर कळली होती.

मग वळण गेलं कुठं? स्वातंत्र्यानंतर देशभर देवनागरी एकसारखी करायची चर्चा झाली, 1953 मध्ये लखनौला त्यासाठी परिषद भरली. पुढे कॉम्प्युटर आला. युनिकोडमध्ये ल ला क्रमांक एकच, त्याचं रूप फॉन्ट ठरवतो. बऱ्याच फॉन्टमध्ये आधी हिंदी वळणच येतं. ही पोस्ट वाचताना मोबाईलवरचा ल बघा, बहुतेकांना दांडाच दिसेल. महाराष्ट्र शासनाने 6 नोव्हेंबर 2009 च्या निर्णयात मराठी वळणाचे ल आणि श ठरवून दिले. कागदावर आहे, पाटीवर नाही.

कोणी म्हणेल, एवढ्याशा दांड्याने काय होतं? आपल्या जिल्ह्याचंच नाव घ्या. हिंदीत जलगांव, मराठीत जळगाव, आणि आपल्या घरातली म्हातारी माणसं म्हणतात जयगाव. एका गावाची तीन रूपं, आणि तिसरं तर कुठल्याच पाटीवर नाही. हिंदीशी भांडण नाही, ती तिच्या जागी गोड आहे. पण घरच्या बोलीला पाटी मिळाली नाही, आता लेखी मराठीचं वळणही जाणार असेल तर उरलं काय?

ग्रामपंचायत, शाळा, विकास सोसायटी, गणेश मंडळं, सगळ्यांना एकच सांगणं. फ्लेक्स छापायला टाकताना दोन गोष्टी तपासा. ल पाकळीचा आहे का? 'शेतकऱ्यांना' मधला र आडवा आला का? डिझाईन करणाऱ्या पोराला मराठी वळणाचा फॉन्ट घ्यायला सांगा. असे चांगले फॉन्ट फुकट मिळतात. जादा पैसे लागत नाहीत, फक्त छापण्याआधी एकदा वाचावं लागतं.

आणि हो, पहूरमधला हू दीर्घ आहे. तेवढंही बघा.