जनरल जेम्स शील्ड्स : वकील, सेनानी आणि तीन राज्यांचे सिनेटर

अब्राहम लिंकन यांचे नाव आपल्याकडील शाळकरी मुलांनाही परिचित आहे. त्यांना एकदा एका कॅथॉलिक गृहस्थाने द्वंद्वयुद्धाचे आव्हान दिले होते, हे मात्र फारसे कोणास ठाऊक नसते. जेम्स शील्ड्स हे त्या गृहस्थाचे नाव. तीन वेगवेगळ्या राज्यांतून अमेरिकेच्या सिनेटवर निवडून गेलेली ही इतिहासातील एकमेव व्यक्ती होय. त्यांच्या दीर्घ कारकिर्दीचा परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

वकील आणि न्यायाधीश

आयर्लंडमधील टायरोन परगण्यात जन्मलेले शील्ड्स तरुणपणीच अमेरिकेस गेले. इलिनॉय राज्यातील कास्कास्किया या जुन्या फ्रेंच कॅथॉलिक वसाहतीत त्यांनी १८३२ साली वकिली सुरू केली. पुढे ते राज्याच्या विधिमंडळाचे सदस्य, मग राज्याचे लेखापाल आणि १८४३ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले.

टळलेले द्वंद्वयुद्ध

शील्ड्स लेखापाल असताना, १८४२ साली, राज्य बँकेच्या नोटांचे मूल्य घसरले. करभरणा त्या नोटांत स्वीकारू नये, असा आदेश त्यांनी काढला. लोक संतापले. विरोधी पक्षातील वकील लिंकन यांनी एका शेतकरी स्त्रीच्या नावाने वृत्तपत्रात पत्र लिहून त्यांची टर उडविली. पाठोपाठ लिंकन यांच्या भावी पत्नी मेरी टॉड व त्यांच्या मैत्रिणीनेही तसेच पत्र लिहिले. शील्ड्स यांनी लेखकाचे नाव मागितले. लिंकन यांनी जबाबदारी स्वतःवर घेतली आणि शील्ड्स यांनी त्यांना आव्हान दिले.

इलिनॉयमध्ये द्वंद्वयुद्धास कायद्याने बंदी होती, म्हणून २२ सप्टेंबर १८४२ रोजी उभयता मिसिसिपी नदीतील मिसुरीच्या हद्दीतील बेटावर गेले. शस्त्र निवडण्याचा हक्क लिंकन यांचा होता. त्यांनी घोडदळाच्या लांब तलवारी निवडल्या. मित्रांनी ऐनवेळी मध्यस्थी केली आणि रक्त न सांडता प्रकरण मिटले.

द्वंद्वयुद्ध करणाऱ्यांना ट्रेंटच्या विश्वपरिषदेने १५६३ सालीच बहिष्कृत ठरविले होते. शील्ड्स यांचे हे कृत्य ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीविरुद्ध होते, हे आम्ही झाकून ठेवू इच्छीत नाही.

रणांगण आणि सिनेट

मेक्सिको युद्धात ब्रिगेडियर जनरल म्हणून लढताना १८ एप्रिल १८४७ रोजी सेरो गोर्डो येथे त्यांच्या छातीत तोफेचा मारा लागला. ते वाचतील, अशी आशा फारशी उरली नव्हती. तरीही त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये चापुल्टेपेकच्या लढाईत ते पुन्हा उभे राहिले व पुन्हा जखमी झाले.

आपल्या राज्यसभेच्या सदस्यांप्रमाणे त्या काळी सिनेटर राज्याच्या विधिमंडळाकडून निवडले जात. १८४९ साली इलिनॉयने शील्ड्स यांना निवडले; परंतु नागरिकत्वाची आवश्यक नऊ वर्षे पुरी न झाल्याने ती निवड रद्द ठरली. मुदत पूर्ण होताच त्याच वर्षी ते पुन्हा निवडून आले. गुलामगिरीच्या विस्तारास वाट मोकळी करून देणाऱ्या १८५४ च्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्यास त्यांनी पाठिंबा दिला. त्यांच्या कारकिर्दीवरील हा डाग आहे. १८५५ साली त्यांच्या जागेसाठी लिंकनही उभे होते. दोघेही पराभूत झाले व तिसरेच गृहस्थ निवडून आले.

त्यानंतर शील्ड्स मिनेसोटात गेले. तेथे त्यांनी आयरिश कॅथॉलिक स्थलांतरितांची वसाहत वसविली. शील्ड्सव्हिल हे गाव आजही त्यांचे नाव सांगते. १८५८ साली ते नव्या मिनेसोटा राज्याचे सिनेटर झाले.

लिंकन यांची नेमणूक

१८६१ साली यादवी युद्ध पेटले. राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी शील्ड्स यांना ब्रिगेडियर जनरल नेमले. आयरिश मतदारांचा पाठिंबा मिळविण्याचा हेतूही त्यामागे होता. तथापि ज्याच्यासमोर तलवार घेऊन उभे राहण्याची वेळ आली, त्याच्याच हाती त्यांनी सैन्य सोपविले. शील्ड्स यांनीही जुना अपमान मनात न धरता ती जबाबदारी स्वीकारली. मार्च १८६२ मध्ये कर्न्सटाउन येथे त्यांच्या तुकडीने स्टोनवॉल जॅक्सनच्या सैन्याला मागे रेटले. आदल्या दिवशी जखमी झाल्याने लढाईची सूत्रे मात्र त्यांच्या दुय्यम अधिकाऱ्याकडे होती. जून महिन्यात त्यांच्या सैन्याचा पराभव झाला आणि १८६३ साली त्यांनी राजीनामा दिला.

अखेर

शेवटची वर्षे मिसुरीतील कॅरोल्टन येथे गेली. १८७९ च्या जानेवारीत मिसुरीने त्यांना काही आठवड्यांच्या उरलेल्या मुदतीसाठी सिनेटवर पाठविले. १ जून १८७९ रोजी त्यांचे निधन झाले. कॅरोल्टनच्या कॅथॉलिक दफनभूमीत ते विसावले आहेत. १८९३ साली इलिनॉयने अमेरिकन संसदभवनास त्यांचा पुतळा भेट दिला.

शील्ड्स संत नव्हते. परंतु आपल्या गावांत एका निवडणुकीतून पडलेली तेढ दोन-दोन पिढ्या चालते, सख्खे शेजारी मिस्सेनंतरही एकमेकांशी बोलत नाहीत. अशांनी या दोन वकिलांची हकिकत वाचावी, असे आम्हांस वाटते.