नवी सिस्टर शिकणार कुठे?

"नवीन सिस्टर आलीय, तिला शीरच सापडत नाही." सरकारी दवाखान्याबद्दल आपल्याकडे ज्या तक्रारी फिरतात, त्यातली ही नेहमीची. कुणीतरी सुजलेल्या हाताचा फोटो टाकतं, खाली कमेंटचा पाऊस पडतो. "कोण पास करतं यांना?" "पैसे भरून सर्टिफिकेट आणतात." तक्रार खोटी असते असं मी म्हणत नाही. चारदा सुई टोचून घेतलेला पेशंट चिडणारच. पण एक प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. ती मुलगी शीर शोधत होती, तेव्हा तिच्या शेजारी कोण उभं होतं?

बऱ्याचदा उत्तर असतं, कुणीच नाही. एक सिनिअर रजेवर, दुसरी लेबर रूममध्ये, आणि कॉलेजातून बाहेर पडून महिनाही न झालेली मुलगी पूर्ण वॉर्डाला एकटी. औषधं, सलाईन, केसपेपर, रजिस्टर, नातेवाइकांची आरडाओरड, सगळं तिच्याच अंगावर. हे आजचं नाही. याला दीडशे वर्षांचा इतिहास आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

सुरुवात लंडनपासून करावी लागते. 1860 मध्ये सेंट थॉमस रुग्णालयात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाच्या निधीतून नर्सिंगची शाळा सुरू झाली. तोवर वॉर्डातलं काम म्हणजे मोलकरणीचं काम, असाच समज होता. नर्सला शिक्षण हवं, तिच्यावर देखरेख करणारी मेट्रन हवी, तिला राहायला नीट जागा हवी, हा आग्रह तिथून पुढे आला. हे मोठंच काम होतं. पण त्या व्यवस्थेत एक गाठ सुरुवातीपासून होती. शिकाऊ मुली वॉर्डात काम करत करतच शिकत, आणि शिकून झाल्यावर काही वर्षं सांगतील तिथे नोकरी करण्याचं बंधन त्यांच्यावर असे. म्हणजे शिकणारी आणि राबणारी एकच. ही पद्धत जगभर गेली आणि रुग्णालयांना ती सोयीचीच होती, कारण शिकाऊ हात स्वस्त पडतात. ज्या हातांवर वॉर्ड चालतो, त्यांना शिकायला वेळ कोण देणार?

आता आपल्याकडे येऊ. मुंबईत 1886 साली कामा हॉस्पिटल सुरू झालं. तिथल्या डॉ. एडिथ पेची यांनी नर्सेसच्या प्रशिक्षणाला हात घातला. 1891 मध्ये बाई काशीबाई गणपत प्रशिक्षणासाठी दाखल झाल्या. शिकायला आलेल्या पहिल्या भारतीय नर्स म्हणून त्यांचं नाव आजही नर्सिंगच्या पाठ्यपुस्तकांत असतं. दुर्दैवाने नावापलीकडे फारसं काही नसतं. पण त्या काळात हे पाऊल म्हणजे काय होतं, याचा अंदाज बांधता येतो. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, रक्त आणि मलमूत्र काढायचं, सगळ्या जातींच्या माणसांना शिवायचं, रात्री घराबाहेर राहायचं. यातली एकेक गोष्ट बाईला वाळीत टाकायला पुरेशी होती. म्हणूनच पुढे कितीतरी वर्षं आपल्याकडच्या बहुसंख्य नर्सेस ख्रिस्ती होत्या. मिरजेसारख्या ठिकाणच्या मिशन रुग्णालयांनी त्यांना शिकवलं. 'सिस्टर' हा शब्दसुद्धा ख्रिस्ती धर्मसंघातल्या भगिनींकडूनच रुग्णालयात आला.

हे चित्र बदलायचा प्रयत्न पुण्यात झाला. 1909 मध्ये पुण्याच्या सेवासदनाचं काम सुरू झालं. रमाबाई रानडे त्याच्या प्रमुख होत्या. सेवासदनाने विधवा आणि निराधार बायकांना ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला पाठवलं. ज्या बाईने घराच्या मागच्या खोलीत आयुष्य काढायचं असं समाजाने ठरवलं होतं, ती वॉर्डात उभी राहिली. लोक काय म्हणाले असतील ते सांगायला नको. पण मला महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. कोर्सला नाव घालून या बायकांना वाऱ्यावर सोडलं नाही. त्यांच्यासाठी वसतिगृह होतं, बरोबरीच्या बायकांची सोबत होती, बाहेर बोलणाऱ्यांना उत्तर द्यायला रमाबाई होत्या. नव्या नर्सला धीर हवा असेल तर आधी पाठीशी कुणीतरी हवं, हे त्या काळात कळलेलं होतं.

सरकारला जाग यायला वेळ लागला. मुंबई प्रांतात नर्स, सुईणी आणि हेल्थ व्हिजिटर यांच्या नोंदणीचा कायदा 1935 चा. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा कायदा 1947 चा. मध्ये 1946 साली भोर समितीचा अहवाल आला. त्यात हिशोब होता, देशात साधारण 43,000 लोकांमागे एक नर्स. समितीचं म्हणणं होतं, 500 लोकांमागे एक हवी. पुढे 1954 ची शेट्टी समिती, 1987 ची सरोजिनी वरदप्पन समिती. प्रत्येक वेळी तेच विषय: कामाचे तास, पगार, राहायची जागा, वॉर्डात माणसं कमी. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा समितीपुढे जातात, म्हणजे सुटलेले नसतात.

या इतिहासात एक तारीख टाळता येत नाही. 27 नोव्हेंबर 1973. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या ज्युनिअर नर्स अरुणा शानबाग ड्युटी संपल्यावर तळघरात कपडे बदलायला गेल्या होत्या. तिथे रुग्णालयातल्याच एका कर्मचाऱ्याने त्यांच्यावर हल्ला केला. त्या त्यातून कधीच उठल्या नाहीत. 18 मे 2015 रोजी त्यांचं निधन झालं. जवळपास 42 वर्षं त्या त्याच रुग्णालयात होत्या. आपण ही घटना दयामरणाच्या खटल्यामुळे लक्षात ठेवली. पण एक साधा मुद्दा मागे राहिला. नर्सला कपडे बदलायला तळघरात का जावं लागत होतं? या घटनेनंतर मुंबईतल्या नर्सेसनी संप केला, तो सुरक्षितता आणि कामाच्या स्थितीसाठीच होता.

आणि याच गोष्टीचा दुसरा भागही आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2011 च्या निकालात नोंद आहे की केईएममध्ये शिकायला येणाऱ्या प्रत्येक नव्या बॅचला अरुणाताईंकडे नेलं जाई, आणि ही आपल्यातलीच एक आहे असं सांगितलं जाई. इतकी वर्षं अंथरुणाला खिळलेल्या त्या बाईंना बेडसोर होऊ दिला नाही, याचंही न्यायालयाने कौतुक केलं. बेडसोर होऊ न देणं म्हणजे काय, हे घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल तर विचारा. दर दोन-तीन तासांनी कूस बदलायची, अंग कोरडं ठेवायचं, चादरीला सुरकुती राहू द्यायची नाही. रोज, रात्रंदिवस. जुन्या नर्सेसनी नव्यांना हे हाताने दाखवलं, म्हणूनच ते इतकी वर्षं चाललं. नर्सिंग शिकवतात ते असं.

1974 मध्ये अमेरिकेत मार्लिन क्रेमर या नर्सिंगच्या अभ्यासक बाईंचं 'रिअ‍ॅलिटी शॉक' हे पुस्तक आलं. शिकून आलेल्या नर्सेस नोकरी का सोडतात, हा त्याचा विषय. कॉलेजात शिकवलेलं काम आणि वॉर्डात प्रत्यक्ष होणारं काम यात एवढं अंतर असतं की नव्या मुलीला धक्काच बसतो, अशी त्यांची मांडणी. एका पेशंटला नीट वेळ द्यायचा असं शिकलेली मुलगी वॉर्डात येते, आणि तिच्या वाट्याला एकदम तीस पेशंट येतात. आपल्याकडे या धक्क्यावर एकच औषध आहे: "आम्हीही असंच शिकलो." सिनिअर सिस्टर हे दुष्टपणाने म्हणत नाहीत. त्यांनाही कुणी शिकवलेलं नसतं आणि त्यांचीही डबल ड्युटी झालेली असते.

आता आकड्यांचं बोलू. नर्सिंग कौन्सिलचा जुना निकष असा: मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात 3 खाटांमागे एक नर्स, साध्या रुग्णालयात 5 खाटांमागे एक, शिवाय रजेसाठी 30 टक्के जादा. तीन पाळ्यांत वाटलं की साध्या रुग्णालयात एका वेळी साधारण 15 रुग्णांमागे एक येते. 30 खाटांच्या ग्रामीण रुग्णालयात या हिशोबाने रात्री दोन जणी हव्यात, आणि बाळंतपणं वेगळी. तुमच्या तालुक्यात रात्री किती असतात ते एकदा जाऊन मोजा.

खासगीत प्रश्न वेगळा. तिथे बॉन्ड लिहून घ्यायचा, मूळ सर्टिफिकेट अडकवून ठेवायचं, हा प्रकार वर्षानुवर्षं चालला. 2011-12 मध्ये मुंबई, दिल्ली आणि केरळात तरुण नर्सेस याविरुद्ध रस्त्यावर उतरल्या. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने केंद्राने समिती नेमली. समितीने सांगितलं, 50 खाटांपेक्षा लहान खासगी रुग्णालयातही नर्सला महिना किमान 20,000 रुपये द्या, आणि 200 च्या वर खाटा असतील तर सरकारी नर्सएवढा पगार द्या. केरळने 2018 मध्ये किमान 20,000 अधिसूचित केले, तेही आंदोलनानंतर. आपल्या गावातल्या नर्सिंग होममध्ये नव्या मुलीला किती मिळतात, हे तिच्या आईवडिलांना विचारा.

कोविडमध्ये याच नव्या मुलींना आपण टाळ्या वाजवल्या. कितीतरी जणींची पहिली ड्युटीच पीपीई किट घालून झाली. महिन्या-दोन महिन्यांच्या ऑर्डरवर घेतलं आणि लाट ओसरल्यावर घरी पाठवलं. आजही कितीतरी जणी अकरा महिन्यांच्या करारावर आहेत. जी पुढच्या वर्षी इथे असेल की नाही हेच ठरलेलं नाही, तिला शिकवण्यात सिनिअर तरी किती जीव ओतणार?

माझं म्हणणं एवढंच आहे. नवी नर्स पहिल्या दिवशी पक्की नसते. कुठलाच डॉक्टर, ड्रायव्हर किंवा मास्तरही नसतो. फरक हा की तिला पहिल्याच दिवशी पक्की धरून मोजलं जातं. वसतिगृह, नोंदणी, पगार, जे काही तिला आजवर मिळालं, ते कुणीतरी जाहीरपणे मागितलं म्हणून मिळालं.

आपल्या रुग्णालयाला रुग्ण कल्याण समिती आहे. तिथे तीन प्रश्न विचारू या. रात्री किती सिस्टर असतात? नवी रुजू झाली की पहिला महिनाभर तिच्यासोबत सिनिअर ठेवता का? आणि तिला कपडे बदलायला, घटकाभर बसायला आतून कडी लागेल अशी खोली आहे का?

सुजलेल्या हाताचा फोटो जरूर टाका. पण सोबत या तीन प्रश्नांची उत्तरंही टाका. मग तक्रार कुणाविरुद्ध करायची ते आपोआप कळेल.