अमेरिकेतील अध्यापकांचे सेवास्थैर्य : एका आर्थिक युक्तिवादाचा इतिहास

उच्च शिक्षणातील ‘टेन्युअर’ या संकल्पनेची चर्चा बहुधा विचारस्वातंत्र्याच्या अंगाने केली जाते. तिची आर्थिक बाजू तुलनेने उपेक्षित राहिली आहे. प्रस्तुत लेखात अमेरिकेच्या संदर्भात या बाजूचा मागोवा घेतला आहे. टेन्युअर म्हणजे आपल्याकडील सेवेत कायम होणे नव्हे, हे प्रारंभीच स्पष्ट केले पाहिजे. आपल्याकडील परिवीक्षाकाल एक-दोन वर्षांचा असतो व पुष्कळदा तो उपचारच ठरतो. अमेरिकेत मात्र सहा-सात वर्षांच्या कामाचे मूल्यमापन होते आणि त्यात न उतरणाऱ्यास सामान्यतः संस्था सोडावी लागते.

या इतिहासातील एक निर्णायक प्रसंग स्टॅनफर्ड विद्यापीठात घडला. तेथील प्राध्यापक एडवर्ड रॉस यांनी १८९६ च्या निवडणुकीत रौप्य चलनाची बाजू घेतली आणि १९०० मध्ये आशियाई मजुरांच्या स्थलांतरास जाहीर विरोध केला. विद्यापीठामागील संपत्ती रेल्वे व्यवसायातून आलेली होती व ती रेल्वे मुख्यतः चिनी मजुरांच्या श्रमातून उभी राहिली होती. संस्थापकांच्या पत्नी जेन स्टॅनफर्ड यांच्या आग्रहावरून रॉस यांना त्याच वर्षी पद सोडावे लागले. रॉस यांची स्थलांतरविषयक मते वंशद्वेषी होती. तेव्हा त्यांना हुतात्मा ठरविण्याचे कारण नाही. परंतु ज्याच्या पैशाला एखादे मत झोंबते त्यानेच अध्यापकाच्या नोकरीचा निर्णय करावा काय, हा प्रश्न त्यातून उभा राहिला. निषेधार्थ राजीनामा देणाऱ्यांत तत्त्वज्ञ आर्थर लव्हजॉय होते. अर्थशास्त्रज्ञांनी नेमलेल्या चौकशी समितीचे नेतृत्व एडविन सेलिग्मन यांनी केले. पुढे १९१५ मध्ये विद्यापीठीय प्राध्यापकांची अमेरिकन संघटना स्थापन झाली, तीत लव्हजॉय यांचा पुढाकार होता आणि तिच्या तत्त्वघोषणेच्या समितीचे अध्यक्षपद सेलिग्मन यांच्याकडेच होते.

१९४० च्या संयुक्त निवेदनाने परिवीक्षेची कमाल मर्यादा सात वर्षे ठरविली. टेन्युअरची दोन प्रयोजने त्यात नमूद आहेत : अध्यापन व संशोधनाचे स्वातंत्र्य, आणि गुणी स्त्री-पुरुषांना हा व्यवसाय आकर्षक वाटावा इतकी आर्थिक निश्चिंती. दुसऱ्या प्रयोजनाचा आशय साधा आहे. अत्यंत अरुंद विषयात आयुष्याची उमेदीची वर्षे घालविणाऱ्यास त्या ज्ञानाचे मोल अन्यत्र क्वचितच मिळते. ही जोखीम संस्था उचलते. त्या बदल्यात अध्यापक कमी वेतन पत्करतो.

अर्थशास्त्रज्ञांचे याविषयी एकमत कधीच नव्हते. ॲडम स्मिथ यांनी १७७६ मध्येच ऑक्सफर्डच्या निश्चिंत प्राध्यापकांवर टीका केली होती. विसाव्या शतकात आर्मेन आल्चियन यांनी असे प्रतिपादन केले की, नफ्यावर हक्क सांगणारा मालक नसलेल्या संस्थेला टेन्युअरची किंमत फारशी जाणवत नाही, म्हणून तो तेथे टिकतो. हा आक्षेप सहज झटकून टाकता येण्याजोगा नाही. त्याला सर्वांत मार्मिक उत्तर १९८८ मध्ये लॉर्न कार्मायकेल यांनी दिले. नव्या उमेदवाराची विद्वत्ता प्रशासनाला नव्हे, तर त्याच विषयातील जुन्या अध्यापकांनाच पारखता येते. आपल्याहून सरस माणूस निवडल्यास आपलीच जागा धोक्यात येणार असेल, तर तसा माणूस कोण निवडील ? टेन्युअर या भीतीचे निवारण करतो. म्हणजे तो अध्यापकावरील उपकार नसून प्रामाणिक निवडीसाठी मोजलेली किंमत ठरतो.

त्याच वर्षी ब्रिटनमध्ये शिक्षण सुधारणा कायद्याने नव्या नेमणुकांपुरते हे संरक्षण काढून घेतले, हा योगायोग लक्षणीय आहे. अमेरिकेत असा कायदा झाला नाही. तेथे झीज नेमणुकांतून झाली. प्राध्यापक संघटनेच्या आकडेवारीनुसार १९८७ मध्ये सुमारे ४७ टक्के अध्यापक तात्पुरत्या वा कंत्राटी नेमणुकीवर होते; २०२१ मध्ये हे प्रमाण ६८ टक्के झाले. कार्मायकेल यांचा युक्तिवाद मान्य केल्यास, निर्भयपणे निवड करू शकणारे अध्यापकच घटत जातात आणि निवडीचा अधिकार हळूहळू प्रशासनाकडे सरकतो.